बाइट क्रमांक २,०१,६५२

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महिन्याच्या रोजच्या पावसाचा आलेख काढायचा आहे असं धरा. आडव्या अक्षावर १ ते ३१ तारखा, उभ्या अक्षावर ० ते १००० मिलिमीटर, प्रत्येक तारखेला एक गोल ठिपका आणि ठिपके जोडणारी रेषा. पायथॉनमधल्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीला हे काम सांगितलं आणि आकार, रंग, समास यांतलं काहीही बदललं नाही, तर २६ तारखेचा ठिपका मेमरीत एका नेमक्या जागी जाऊन बसतो. चित्राचे बाइट शून्यापासून मोजत गेलं की २,०१,६५२ क्रमांकाच्या जागी ३१ हा आकडा भेटतो. त्याच्या शेजारी ११९, मग १८०, मग २५५. लाल किती, हिरवा किती, निळा किती आणि रंग किती अपारदर्शक, ते सांगणारे हे चार आकडे. एकत्र वाचले की मॅटप्लॉटलिबचा तो ओळखीचा निळा रंग होतो.

या क्षणी डिस्कवर कुठलीही फाइल नाही. स्क्रीनवर काही उमटलेलं नाही. स्क्रीन नसलेल्या, कुठल्यातरी थंड खोलीतल्या सर्व्हरवर हे घडलं असलं तरी फरक पडत नाही. कुणीही न पाहिलेलं ते चित्र शेवटच्या ठिपक्यापर्यंत तयार आहे. रोज आलेख काढणाऱ्या बहुतेकांना चित्र म्हणजे ‘सेव्ह’ केल्यावर मिळणारी फाइल असं वाटतं. खरं चित्र त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं आणि फाइल ही त्याची पुढची एक नक्कल असते. मला हे फार विलक्षण वाटतं, आणि एकदा कळलं की आलेखांकडे बघायची रीतच बदलते.

तो पत्ता कुठून आला, हे कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला कागद ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असतो, इंचाला १०० ठिपके. म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. आलेखाची चौकट डावीकडून साडेबारा टक्के जागा सोडून सुरू होते, म्हणजे ८० व्या स्तंभापासून, आणि ९० टक्क्यांवर, ५७६ व्या स्तंभाशी संपते. मधली रुंदी ४९६. तारीख १ पासून ३१ पर्यंत तीस पावलं आहेत. २६ तारखेपर्यंत त्यांतली पंचवीस होतात. ४९६ चे तीस भाग करून पंचवीस घेतले की ४१३.३३, त्यात ८० मिळवले की ४९३.३३. उभ्या दिशेला खालून ११ टक्के सोडलेले, म्हणजे ५२.८ पिक्सेल; चौकटीची उंची ७७ टक्के, म्हणजे ३६९.६. त्यातले ९४४ सहस्रांश ३४८.९. बेरीज ४०१.७.

पण ही उंची खालून मोजलेली आहे. शाळेत आलेखाच्या कागदावर आरंभबिंदू खाली डावीकडे असतो, मॅटप्लॉटलिबही तसंच मानतं. मेमरीतल्या चित्राची पहिली ओळ मात्र वरची असते. म्हणून रंग भरणारा भाग शेवटच्या पायरीला सगळं उलटं करतो. ४८० मधून ४०१.७ गेले, उरले ७८.३. ओळ ७८, स्तंभ ४९३. वरच्या ७८ ओळींचे प्रत्येकी ६४० पिक्सेल, त्यात ४९३ मिळवले की ५०,४१३. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. गुणाकार केला की २,०१,६५२.

मेमरीला रुंदी नसते, उंचीही नसते. तिथे आहे ती १२,२८,८०० बाइटची एकच सलग रांग. दर २,५६० बाइटला नवी ओळ सुरू झाली असं समजायचं, एवढ्या एका करारावर त्या रांगेचं चित्र होतं. करार एका आकड्याने चुकला तर चित्र तिरकं होऊन वाहून गेल्यासारखं दिसतं. बाइट सगळे तेच असतात.

रंगकामाची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. कोरा कागद पांढरा नसतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये आधी २५५, २५५, २५५ आणि ० भरलेले असतात, म्हणजे पांढरा पण आरपार दिसणारा. पार्श्वभूमीचा मोठा पांढरा आयत रंगवला की चौथा आकडा शून्यावरून २५५ वर जातो. म्हणजे आपण ज्याला कोरा कागद म्हणतो तोही रंगवावा लागतो. त्यानंतर चौकट, रेषा, ठिपके, अंक आणि अक्षरं एकेक करून त्याच बाइटांवर चढत जातात.

आता तो ४९३.३३ मधला .३३. पिक्सेलचे तुकडे करता येत नाहीत, मग एक तृतीयांश पिक्सेलचं काय करायचं? ठिपक्यांना आणि सरळ आडव्या-उभ्या रेषांना मॅटप्लॉटलिब शक्यतो पिक्सेलच्या जाळीला धरून बसवतं. पण २५ तारखेवरून २६ कडे जाणारी तिरकी रेषा कुठल्याच जाळीत बसत नाही. तिची जाडी दीड पॉइंट. इंचाचा बहात्तरावा भाग म्हणजे एक पॉइंट, म्हणून इथे जाडी साधारण २.०८ पिक्सेल होते. कडेचे पिक्सेल कुठे निम्मे झाकले जातात, कुठे पाव, कुठे त्याहूनही कमी. हे झाकलेलं क्षेत्र मोजण्याचं काम ‘अ‍ॅग’ करतो. अँटी-ग्रेन जॉमेट्री हे त्याचं पूर्ण नाव. मॅक्सिम शेमानारेव्ह यांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली ही लायब्ररी पिक्सेलच्या प्रत्येक बाजूचे २५६ बारीक भाग मानून हिशेब करते. पिक्सेल निम्मा झाकला असेल तर निम्मा निळा आणि निम्मा पांढरा मिसळायचा: १४३, १८७, २१८.

कुठल्याही आलेखाचं चित्र भरपूर मोठं करून तिरक्या रेषेच्या कडेला बघा, ही फिकट निळ्यांची पायरी दिसेल. दुरून ती नाहीशी होते आणि रेषा गुळगुळीत वाटते. असं मिसळण्याचं नेमकं गणित टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं. दोघं तेव्हा लुकासफिल्ममध्ये होते आणि प्रश्न चित्रपटांतल्या प्रतिमा एकमेकींवर चढवण्याचा होता. पावसाच्या आलेखातली प्रत्येक कड आज त्याच गणिताने रंगते.

हे सगळं स्क्रीनवर थेट न काढता आधी मेमरीत का काढायचं? त्याचं उत्तर मॅटप्लॉटलिबच्या जन्मकथेत आहे. जॉन हंटर हे मेंदूविज्ञानातले संशोधक. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूवरून थेट टिपलेले विद्युतसंकेत ते अभ्यासत होते. प्रयोगशाळेत त्यासाठी विकतचं सॉफ्टवेअर होतं, पण परवाना एकच. तो एका छोट्या हार्डवेअर चावीत असायचा आणि विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सगळे ती चावी आळीपाळीने वापरायचे. ती चावी नको म्हणून हंटर स्वतःचं साधन लिहायला बसले आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब पहिल्यांदा लोकांपुढे आलं. सगळ्यांना फुकट, मूळ कोडसकट. २०१२ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाच्या उपचारांतल्या गुंतागुंतीमुळे ते गेले. जिथे ती एक चावी हातोहात फिरत होती त्या खोलीतून निघालेलं हे साधन आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. हंटर यांच्याविषयी मला अपार कृतज्ञता वाटते.

स्क्रीनवर खिडकी उघडून देणाऱ्या लायब्रऱ्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीची रेषा काढायची पद्धत थोडी वेगळी. प्रत्येकीवर अवलंबून राहिलं असतं तर एकच आलेख लिनक्सवर एक दिसला असता आणि विंडोजवर दुसरा. हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णय घेतला की चित्र अ‍ॅगने मेमरीत पूर्ण करायचं आणि तयार बाइट त्या-त्या खिडकीच्या हवाली करायचे. बाइट दाखवायला सगळ्यांनाच येतं. म्हणून मेमरीतलं चित्र ही आडवाटेची युक्ती नाही, तोच हमरस्ता आहे. खिडकी असो की पीएनजी फाइल, दोन्ही त्याच रांगेच्या प्रती.

त्या रांगेपर्यंत आपल्यालाही जाता येतं. आलेखाच्या कॅनव्हासला आधी ‘ड्रॉ’ सांगायचं. हे विसरलं तर हाती जुनं चित्र येतं किंवा रिकामं. मग त्याच्याकडे ‘बफर आरजीबीए’ मागायचा आणि तो नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या अ‍ॅरेत घ्यायचा. हातात येतो ४८० ओळी, ६४० स्तंभ आणि चार थर असलेला आकड्यांचा ठोकळा. ओळ ७८, स्तंभ ४९३ विचारा, ३१, ११९, १८०, २५५ मिळतील. इथे एक बारकी गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा अ‍ॅरे चित्राची प्रत नसून चित्राकडे बघण्याची केवळ सोय आहे. बाइट अजून अ‍ॅगच्याच ताब्यात असतात. त्याच आकाराचा पुढचा आलेख त्याच कॅनव्हासवर काढला की अ‍ॅग ती जागा पुसून पुन्हा वापरतो आणि आपल्या हातातल्या जुन्या अ‍ॅरेतही नवं चित्र दिसू लागतं. फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचं राहिलं आणि पुढच्या तासाच्या बाईंनी फळा पुसला, तर जे होतं तेच. जपून ठेवायचं असेल तर ‘कॉपी’ म्हणावं लागतं. चित्रांची मालिका गोळा करायला निघालेल्याला शेवटी सगळीकडे एकच चित्र सापडतं, ते बहुधा यामुळेच.

आकड्यांच्या ठोकळ्यावर अंकगणित करता येतं, आणि इथून खरी मजा सुरू होते. मॅटप्लॉटलिबची स्वतःची चाचणी याच पायावर उभी आहे. कोडमध्ये बदल झाला की ठरावीक आलेख पुन्हा काढले जातात आणि जपून ठेवलेल्या मूळ चित्रांतून वजा केले जातात. सगळीकडे शून्य आलं तर ठीक. हे इतकं काटेकोर आहे की अक्षरं रंगवणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीची आवृत्ती बदलली तरी अंकांच्या कडा किंचित हलतात आणि वजाबाकी शून्य येत नाही. म्हणून चाचणीसाठी मॅटप्लॉटलिबने फ्रीटाइपची एकच ठरावीक जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं सांभाळली. दोन चित्रं एकसारखी आहेत का हा प्रश्न डोळ्यांवर न सोडता वजाबाकीवर सोडला, हे मला फार आवडतं.

हलते आलेखही असेच वेगवान करतात. अक्ष, अंक, शीर्षक यांतलं काहीच बदलत नाही, फक्त एक रेषा सरकते. मग न बदलणाऱ्या भागाचे बाइट एकदाच बाजूला ठेवायचे, प्रत्येक वेळी ते जसेच्या तसे परत टाकायचे आणि वर तेवढी रेषा नव्याने काढायची.

हा ठोकळा कुणाला पाठवायचा तर मात्र त्याला आवरून घ्यावं लागतं. बारा लाखांवर बाइट, आणि त्यांतले बहुतेक पांढरे. इथे पीएनजी येतं. १९९४ च्या डिसेंबरात जीआयएफ प्रकारात वापरलेल्या पद्धतीच्या पेटंटवरून शुल्काची मागणी जाहीर झाली. त्यानंतर काही जणांनी मिळून खुला पर्याय आखायला घेतला, आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी पीएनजीला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. त्याच्या युक्तीतला गाभा असा: ओळ आहे तशी न लिहिता डावीकडच्या किंवा वरच्या पिक्सेलपासूनचा फरक लिहायचा. पांढऱ्या ओळीखाली पांढरी ओळ असेल तर सगळा फरक शून्य. शून्यांची लांब रांग मग ‘एवढी शून्यं’ अशा छोट्याशा नोंदीत मावते. साध्या आलेखाचा ठोकळा अशाने अगदी थोड्या किलोबाइटांवर येतो, आणि उघडल्यावर एकही बाइट हरवलेला नसतो. जेपेग इथे का चालत नाही, तेही यात आलं. जेपेग रेषांच्या कडांभोवती मळकट डाग सोडतं, आणि आलेख म्हणजे मुख्यतः कडाच.

पीएनजीचे पहिले आठ बाइट तर मन लावून वाचावेत असे आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. १३७ मुद्दाम १२७ हून मोठा घेतलेला आहे; सातच बिट नेणाऱ्या जुन्या वाटेवरून फाइल गेली तर तो बदलतो आणि गडबड लगेच कळते. १३ आणि १० या ओळ संपल्याच्या खुणा. एखाद्या प्रणालीने मजकूर समजून त्या परस्पर बदलल्या तर तेही पहिल्याच पायरीला उघड होतं. २६ मुळे जुन्या डॉसवर ही फाइल मजकूर म्हणून छापायला गेलं तर छपाई तिथेच थांबायची. आठ बाइटांत इतका विचार.

आणि ही पीएनजीसुद्धा डिस्कवर जायलाच हवी असं नाही. पायथॉनमध्ये ‘बाइट्सआयओ’ नावाची वस्तू आहे, मेमरीतच राहणारी आणि फाइलसारखी वागणारी. ‘सेव्हफिग’ला फाइलच्या नावाऐवजी ती दिली आणि प्रकार पीएनजी सांगितला, की तो निमूट तिच्यात लिहून मोकळा होतो. लिहून झाल्यावर तिच्या आतला काटा शेवटी उभा असतो. तिथून वाचायला गेलं तर काहीच मिळत नाही. काटा ‘सीक’ने शून्यावर आणायचा, किंवा ‘गेटव्हॅल्यू’ वापरून काट्याचा विचारच न करता सगळे बाइट एकदम घ्यायचे. मग ते ब्राउझरला पाठवा, ईमेलला जोडा, डेटाबेसात ठेवा. ज्युपिटर नोटबुकमध्ये कोडखाली दिसणारे आलेख असेच आलेले असतात. ते बेस-६४ पद्धतीने अक्षरांत बदलून, तीन बाइटांची चार अक्षरं करून, नोटबुकच्या फाइलीतच साठवले जातात. अशी फाइल साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये उघडली की लांबच लांब अक्षरांचे पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्टा आय, व्ही, बी, ओ, आर याच अक्षरांनी सुरू होतो. योगायोग नाही: मघाच्या आठ बाइटांचंच ते अक्षरांतलं रूप.

एक भेद लक्षात ठेवायला हवा. मॅटप्लॉटलिबची ‘फिगर’ म्हणजे चित्र नव्हे. काय काढायचं आहे त्याची ती यादी. इंचाला २०० ठिपके हवेत असं सांगून सेव्ह केलं तर जुनं चित्र ताणलं जात नाही. यादी पुन्हा वाचली जाते आणि १२८० बाय ९६० चा, ४९,१५,२०० बाइटांचा नवा ठोकळा रंगवला जातो. म्हणून अक्षरं तेव्हाही रेखीव राहतात. ही यादी मेमरीत जागाही अडवते. मॅटप्लॉटलिबमधल्या पायप्लॉट या सोयीच्या वाटेने काढलेली प्रत्येक फिगर ‘क्लोज’ करेपर्यंत जिवंत राहते; वीसच्या वर उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब स्वतःच इशारा देतं. दिवसभर मागणीप्रमाणे आलेख देणाऱ्या सर्व्हरवर तर पायप्लॉटला वळसा घालून थेट ‘फिगर’ घ्यावी. काम संपलं की ती आपोआप मोकळी होते.

आणि आता मराठीची गोष्ट. उभ्या अक्षावर ‘मिलिमीटर’ असं लिहायला गेलं तर आधी रिकाम्या चौकोनांची रांग येते, कारण ठरलेल्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता किंवा दुसरा देवनागरी फॉन्ट दिला की अक्षरं उमटतात, पण मॅटप्लॉटलिबच्या वर्षानुवर्षं चालत आलेल्या मांडणीत ती चुकीच्या जागी उमटतात. मेमरीत ‘मि’ म्हणजे आधी म, क्रमांक २३५०, आणि नंतर वेलांटी, क्रमांक २३६७. लिहिताना ही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी. ती जुनी मांडणी मेमरीतल्या क्रमानेच एकामागून एक आकार ठेवत जाते. त्यामुळे पहिली वेलांटी ‘म’ला सोडून पुढच्या ‘ल’ला जाऊन चिकटते, दुसरी त्याच्या पुढच्या ‘म’ला, आणि त्या बिचाऱ्या ‘म’वर स्वतःची दीर्घ वेलांटी आधीच असते. जोडाक्षरं तर मोडूनच पडतात. आपल्या भाषेतले आलेख इंग्रजी नावांनीच दिसत राहतात, त्याचं हे एक साधं तांत्रिक कारण आहे आणि ते मला मनापासून खटकतं.

चित्र मेमरीत हाती असेल तर मात्र वाट आहे. आलेख अक्षरांशिवाय काढायचा, बफरची प्रत घ्यायची आणि ती पिलो या चित्रांच्या लायब्ररीला द्यायची. पिलोला रक्म नावाची मांडणी जोडलेली असली तर ती हार्फबझ या लायब्ररीकडून आकारांचा क्रम लावून घेते, आणि हार्फबझला वेलांटी कुठे जाते, क आणि ष मिळून काय होतं, रफार कुठे चढतो, हे सगळं ठाऊक आहे. अक्षावरच्या आकड्यांसाठी हा वळसाही लागत नाही: देवनागरी अंक एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून देवनागरी फॉन्ट दिला की मॅटप्लॉटलिबच ते नीट काढतं. ‘मिलिमीटर’ हा शब्द पिलोकडून वेगळ्या पारदर्शक पट्टीवर लिहून घ्यायचा, पट्टी ९० अंशांत फिरवायची आणि डावीकडच्या ८० स्तंभांत, आकड्यांच्या बाहेरच्या अंगाला, आलेखावर चढवायची. त्याच चार-चार बाइटांत, पोर्टर आणि डफ यांच्याच मिश्रणाने तिच्या कडा पांढऱ्यात मिसळतात आणि शब्द नीट वाचता येतो.